डोळ्यांची सविस्तर तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळे दाखवायला येणारी माणसं आणि त्यांना घेऊन येणारे मुलगे, सुना, नातवंडं हे प्रश्न सतत विचारतात. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. दर वर्षी चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. वेगळी तपासणी कशाला हवी?

दुकानात निघतो तो फक्त नंबर. स्पष्ट दिसायला कोणती काच लागेल, एवढंच त्यातून कळतं. डोळ्याचा दाब, मागची नस आणि आतला पडदा (रेटिना) त्यात कोणी पाहत नाही. काचबिंदूत नजर बहुधा कडेकडून जाते आणि मधली बरीच उशिरापर्यंत टिकते. त्यामुळे नस निम्मी सुकलेला माणूसही तक्त्याची शेवटची ओळ वाचून दाखवतो आणि "सहा बाय सहा, काही काळजी नाही" असं ऐकून घरी जातो. मधुमेहातही पडद्यावर रक्ताचे ठिपके उमटलेले असताना नजर बरेच महिने चांगली राहू शकते. काचबिंदूत सुकलेली नस पुन्हा जिवंत करणारा उपचार नाही, म्हणून तक्रार नसतानाच डोळा आतून पाहून घ्यायला हवा. दुकानात नंबर काढण्यात काही चूक नाही, पण तेवढ्याने डोळे तपासून झाले असं समजू नका.

२. डोळे तपासणारे सगळे डॉक्टरच असतात का?

नाही. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढतात, दाब मोजतात, यंत्रावरच्या चाचण्या करतात. या कामाचं त्यांनी रीतसर शिक्षण घेतलेलं असतं. नेत्रतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर डोळ्यांचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. रोगाचं निदान, औषधं आणि शस्त्रक्रिया त्यांच्याकडे. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. ते नजर आणि नंबर तपासतात, मोतीबिंदूचे रुग्ण निवडतात आणि गरज पडल्यास पुढे पाठवतात.

३. जाताना काय तयारी करायची? उपाशी जायचं का?

उपाशी जाऊ नका. मधुमेह असेल तर जेवण आणि गोळी दोन्ही वेळेवर घ्या. एकूण दीड ते दोन तास धरून चला, कारण थेंब टाकल्यावर बाहुली मोठी व्हायलाच वीस ते तीस मिनिटं जातात.

सोबत न्यायच्या वस्तू: सध्याचा चष्मा (दूरचा आणि जवळचा वेगळा असेल तर दोन्ही), त्याआधीचा चष्मा घरात पडला असेल तर तोही, जुनी चिठ्ठी, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि डोळ्यात टाकत असलेल्या थेंबांच्या बाटल्या. "ती लाल झाकणाची बाटली" एवढ्यावरून औषध ओळखता येत नाही, बाटलीच आणा. काजळ, सुरमा लावून येऊ नका. त्याचे कण अश्रूंच्या थरात तरंगतात आणि तपासणीत अडथळा होतो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आदल्या दिवशीच काढून ठेवा. कडक लेन्स वापरत असाल तर किती दिवस आधी काढायच्या ते फोन करून विचारा, कारण त्यांनी पारपटलाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा) आकार तात्पुरता बदलतो आणि नंबर चुकतो.

आणखी दोन गोष्टी: टोपी किंवा गॉगल, आणि घरी नेणारं माणूस. का, ते प्रश्न १० मध्ये.

४. आत गेल्यावर नेमकं काय काय होतं?

आधी विचारपूस. आई-वडील, भावंडांपैकी कोणाला काचबिंदू होता का, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. उत्तर घरून विचारून या, कारण रक्ताच्या नात्यात असेल तर तुमचा धोका कित्येक पटींनी वाढतो. "आजोबांना म्हातारपणी दिसेनासं झालं होतं" एवढंच माहीत असेल तर तेही सांगा.

मग नजर. एक डोळा झाकून दूरचा तक्ता वाचायचा, नंतर दुसरा. तळहाताने झाकताना बोटांच्या फटीतून पाहिलं जातं, आणि मुलं तर हमखास पाहतात, म्हणून झाकणीच वापरावी. अक्षरं पुसट दिसली तर बारीक छिद्रांची काळी पट्टी डोळ्यासमोर धरतात. छिद्रातून नजर सुधारली तर दोष बहुतेक नंबरचा. सुधारली नाही तर मोतीबिंदू, पडदा किंवा नस यांच्याकडे लक्ष वळतं. दोन रुपयांच्या पट्टीने डॉक्टरांचा पुढचा रस्ता ठरतो.

त्यानंतर हनुवटी टेकवून एका यंत्रात पाहायला सांगतात. आत रस्त्याच्या टोकाला रंगीत फुगा किंवा घर दिसतं; ते धूसर होतं, मग स्पष्ट होतं. हे यंत्र अंदाजे नंबर काढतं. खरा नंबर काचा बदलून, तुम्हाला विचारून ठरतो (प्रश्न ५).

मग बाहुल्यांवर आळीपाळीने टॉर्च मारतात. एका डोळ्यावरचा उजेड दुसऱ्यावर नेला की निरोगी बाहुली आकसलेलीच राहते. ती उलट मोठी होत असेल तर त्या बाजूच्या नसेत किंवा पडद्यात मोठा बिघाड असल्याचा संशय येतो. चाचणी दहा सेकंदांची, आणि थेंब टाकायच्या आधीच करावी लागते, नंतर तिचा उपयोग नाही. एक डोळा झाकून-उघडून तिरळेपणा पाहतात, डोळे सगळ्या दिशांना फिरवायला सांगतात.

पुढे स्लिट लॅम्प. हनुवटी टेकणीवर, कपाळ वरच्या पट्टीला घट्ट चिकटवायचं. कपाळ मागे सरकलं की डॉक्टरांना दिसणारं चित्र लगेच धूसर होतं, म्हणून "कपाळ पुढे" हे पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. उजेडाची बारीक चीर डोळ्यावरून फिरते आणि पापणीपासून मागच्या भिंगापर्यंतचे थर सुरीने कापल्यासारखे वेगवेगळे दिसतात. मोतीबिंदू कोणत्या थरात आहे, पुढच्या भागात सूज आहे का, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या आहेत का, हे इथे कळतं. दाब मोजतात (प्रश्न १२), थेंब टाकतात (प्रश्न ९), बाहुली मोठी झाली की पडदा पाहतात. तेव्हा "वर बघा, खाली बघा, उजवीकडे वर बघा" असं आठ दिशांना पाहायला सांगतील. उजेड प्रखर असतो, पाणी येतं, पण दुखत नाही.

५. "ही काच बरी की ही बरी?" यात चुकीचं उत्तर दिलं तर चष्मा चुकेल का?

एका उत्तराने चुकत नाही, कारण तीच गोष्ट फिरवून दोन-तीनदा विचारली जाते. दोन्ही सारख्या वाटल्या तर "सारख्याच" म्हणा. ते उत्तर चुकीचं तर नाहीच, बऱ्याचदा नंबर तिथेच ठरतो. लाल आणि हिरव्या पट्टीतली अक्षरं दाखवली तर रंग कोणता आवडतो ते सांगायचं नसतं, कुठली अक्षरं जास्त काळी आणि ठळक दिसतात ते सांगायचं असतं. मायनस काच जास्त झाली की हिरव्यातली ठळक दिसतात. आणि डोळे बारीक करून वाचू नका. त्याने तात्पुरतं चांगलं दिसतं आणि नंबर कमी निघतो.

६. ६/६ म्हणजे काय? अमेरिकेतल्या मुलीच्या रिपोर्टवर २०/२० लिहिलंय.

दोन्ही एकच. वरचा आकडा तुम्ही किती अंतरावरून वाचलं ते सांगतो, खालचा निरोगी नजर तीच ओळ किती अंतरावरून वाचते ते. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर तुम्हाला ६ मीटरवरून दिसलं. अमेरिकेत अंतर फुटांत मोजतात आणि २० फूट म्हणजे साधारण ६ मीटर. हा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. खोली लहान असेल तर आरसा लावून अंतर पूर्ण करतात. वाचता न येणाऱ्यांसाठी चारही दिशांना तोंड केलेल्या "ई"चा तक्ता असतो, बोटांनी दिशा दाखवायची.

७. चिठ्ठीवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा लिहिलंय: −१.७५, सिलिंडर −०.५०, अॅक्सिस १८०, अॅड +१.५०. पहिला आकडा मूळ नंबर. मायनस म्हणजे दूरचं कमी दिसतं. सिलिंडर म्हणजे डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नाही, त्याची भरपाई. अॅक्सिस ही त्या भरपाईची दिशा. तो १० वरून १७० झाला म्हणून नंबर वाढला असं होत नाही. अॅड म्हणजे चाळिशीनंतर वाचण्यासाठी दूरच्या नंबरात मिळवायची पॉवर.

घाबरवणारी एक गोष्ट: हाच नंबर −२.२५, सिलिंडर +०.५०, अॅक्सिस ९० असाही लिहितात. काच तीच बनते, लिहायची रीत वेगळी. "वर्षात पाव-अर्धा नंबर वाढला" अशा तक्रारींपैकी काही निव्वळ यामुळे असतात.

दोन बाहुल्यांमधलं अंतर चिठ्ठीवर नसेल तर मिलिमीटरमध्ये लिहून मागा. प्रोग्रेसिव्ह काचेत (दूरचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या) ते चुकलं तर महागडी काचही उपयोगाची नाही.

८. दोन ठिकाणी दोन वेगळे नंबर निघाले. खरा कोणता?

०.२५ चा फरक एकाच खोलीत, एकाच दिवशीसुद्धा पडू शकतो. तो सोडून द्या. ०.५० किंवा त्याहून जास्त फरक असेल तर कारण शोधायला हवं. रक्तातली साखर हे मोठं कारण. साखर वरखाली झाली की भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर हलतो. मधुमेहाची नवी गोळी किंवा इन्सुलिन सुरू झालं असेल तर साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मगच चष्मा करा, नाहीतर महिन्याभरात तो चष्मा निरुपयोगी होतो. कोरडे डोळे, नुकत्याच काढलेल्या कॉन्टॅक्ट लेन्स, वाढता मोतीबिंदू हीही कारणं. मुलांची गोष्ट वेगळी, प्रश्न १५ पाहा.

नवा चष्मा घातल्यावर जमीन खोल गेल्यासारखी वाटली तर आठवडाभर पाहा. त्यानंतरही तसंच असेल तर आधी चष्म्यातली काच चिठ्ठीप्रमाणे आहे का, ते मोजून घ्या. डोळा पुन्हा तपासायचा तो त्यानंतर.

९. थेंब टाकलेच पाहिजेत का? फोटो काढून भागत नाही का?

न फुललेल्या बाहुलीतून पडदा पाहणं म्हणजे दाराच्या फटीतून खोली पाहणं. मधला भाग दिसतो, कडा दिसत नाहीत, आणि पडद्याला छिद्र पडतं ते बहुधा कडेला. पडद्याचा फोटो आणि ओसीटी स्कॅन (पडद्याचे थर दाखवणारं) उपयोगी आहेत, मधुमेहींपैकी कोणाला पुढे तपासायचं हे निवडायला फोटो चांगलं काम करतो, पण कडेची तपासणी त्यातून पूर्ण होत नाही. पहिल्याच तपासणीत, मधुमेहात, मायनस ६ किंवा त्याहून मोठ्या नंबरात, आणि प्रश्न २० मधल्या तक्रारींत थेंब टाळू नका. "घाई आहे, थेंब नको" असं म्हणून परत जाणाऱ्यांसाठी आमची कळकळीची विनंती: त्यापेक्षा वेळ काढून दुसऱ्या दिवशी या.

१०. थेंबांनंतर गाडी चालवता येते का? ऑफिसला जाता येतं का?

दुचाकी किंवा कार चालवू नका. बाहुली आकसत नसल्याने ऊन आणि समोरच्या गाड्यांचे दिवे सहन होत नाहीत, जवळचंही पुसट दिसतं. मोठ्यांमध्ये हे चार ते सहा तास टिकतं, काहींना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. त्या दिवशी बँकेचे कागद, मोबाइलवरचे पैशांचे व्यवहार, सुईदोरा ठेवून द्या. टीव्ही पाहिल्याने इजा होत नाही.

११. थेंबांनी काही धोका असतो का?

बहुतेकांना फक्त चरचरतं आणि घशात कडू चव येते. दोन अपवाद मात्र आधीच सांगायला हवेत. नेहमीच्या थेंबांत ट्रॉपिकामाइडबरोबर फिनाइलेफ्रिन असतं, ते रक्तदाब वाढवू शकतं. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हृदयाचा आजार असेल तर बोला. नुसत्या ट्रॉपिकामाइडनेही काम होतं. दुसरा अपवाद अरुंद कोनाचा. काही डोळ्यांत पाणी बाहेर जायची वाट मुळातच चिंचोळी असते, बाहुली फुलल्यावर ती बंद होऊन दाब एकदम चढतो. असे डोळे स्लिट लॅम्पवर आधीच ओळखता येतात, आणि लागल्यास लेसरने छोटं छिद्र करून मग थेंब टाकतात. घरी गेल्यावर डोळा ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत वलय दिसलं, उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नका. पित्त समजून गोळी घेण्यात रात्र घालवली की नस जाते.

१२. हवेच्या यंत्राने दाब १८ आला. म्हणजे काचबिंदू नाही ना?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. दाब साधारण १० ते २१ असतो, पण २१ च्या आतही काचबिंदू होतो आणि २३ असूनही नस वर्षानुवर्षं ठणठणीत राहू शकते. शिवाय दाब दिवसभरात बदलतो. पारपटल पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, जाड असेल तर जास्त. सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास. ती एकदा मोजून घ्यावी.

हवेच्या झोताने आकडा जास्त आला, तर डोळा बधिर करून, पिवळा रंग लावून, निळ्या उजेडात टोक टेकवून पुन्हा मोजतात. ते माप अधिक भरवशाचं. त्या वेळी श्वास रोखू नका आणि शर्टचं वरचं बटण सैल करा, दोन्हींमुळे आकडा खोटा चढतो. शेवटी निर्णय दाब, नस आणि फील्ड टेस्ट (कडेपर्यंतची नजर मोजणारी चाचणी, प्रश्न १३) एकत्र पाहूनच होतो.

१३. फील्ड टेस्ट नापास झालो. आता?

ही परीक्षा नाही. अर्धगोलात लुकलुकणारे ठिपके यंत्र मुद्दाम मंद करत नेतं, त्यामुळे निरोगी माणसालाही बरेच ठिपके दिसत नाहीत. मधल्या खुणेकडेच पाहायचं, ठिपका शोधत नजर फिरवायची नाही, दिसला वाटलं की बटण दाबायचं. पहिल्या वेळी रिपोर्ट खराब येणं नेहमीचं. लटकलेली पापणी, झोप, चष्म्याची कडा यांनीही काळे डाग उमटतात. म्हणून ती दुसऱ्यांदा करतात.

१४. साखर आहे, पण डोळ्यांची तक्रार नाही. कधी तपासायचं?

टाइप २ मधुमेह कळला त्याच वेळी, कारण तो कळण्याआधी कित्येक वर्षं शरीरात असू शकतो. टाइप १ मध्ये तो कळल्यापासून पाच वर्षांच्या आत. त्यानंतर दोघांनीही वर्षातून एकदा थेंब टाकून, आणि पडद्यावर बदल दिसू लागले तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांत पडदा पाहायलाच हवा, कारण गरोदरपणात बदल वेगाने वाढतात. फक्त गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर सहसा ही गरज नसते.

पडद्यावरच्या रक्तवाहिन्या दाखवणारी रंगाची तपासणी सांगितली तर हाताच्या शिरेतून पिवळं औषध देतात. काही तास कातडी पिवळसर दिसते आणि लघवी दिवसभर गडद पिवळी होते. ती कावीळ नव्हे.

१५. मुलाला तीन दिवस घरी मलम घालायला का सांगितलं?

मुलांच्या भिंगात जोर फार असतो. यंत्रात पाहताना ती नकळत जोर लावतात. मग नसलेला मायनस दिसतो किंवा असलेला प्लस लपतो. मलमातल्या अॅट्रोपिन या औषधाने तो जोर ढिला पडतो. तांदळाच्या दाण्याएवढं मलम पुरे. लावल्यावर नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवा, म्हणजे औषध घशात कमी उतरेल, आणि हात धुवा, आपलेही आणि मुलाचेही. तोंड लाल झालं, ताप चढला, मूल चिडचिडं झालं तर थांबवा आणि फोन करा. जवळचं दहा ते चौदा दिवस पुसट दिसतं, म्हणून परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी ठेवू नका. मोठ्या मुलांना बऱ्याचदा सायक्लोपेंटोलेटचे थेंब पुरतात, त्यांचा असर साधारण दिवसभराचा.

पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी, शाळेत घालण्याआधी. तिरळेपणा असेल किंवा मोबाइलच्या फोटोत एक बाहुली पांढरी चमकत असेल तर वय पाहू नका, त्याच आठवड्यात जा; पांढऱ्या चमकेमागे डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. एका डोळ्याचा मोठा नंबर राहून गेला तर तो डोळा आळशी पडतो, आणि त्यावरचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. दुसऱ्या डोळ्याने सगळं दिसत असल्याने मूल कधीच तक्रार करत नाही.

१६. बाळ आठव्या महिन्यात झालं. डोळे तपासायचे का?

३४ आठवड्यांच्या आत जन्म किंवा वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर हो, आणि जन्मानंतर तीस दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलकं बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. "सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ बाहेर नको" म्हणून ही तारीख चुकते आणि वेळेवर लेसरने वाचली असती ती नजर जाते. आजींना हे नीट समजावून सांगा.

१७. कोणत्या गोळ्यांबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं?

सगळ्याच, पण चार विसरू नका. क्षयरोगाच्या उपचारातलं इथॅम्ब्युटॉल: लाल-हिरवा रंग फिका वाटला किंवा नजर पुसट झाली तर त्याच दिवशी उपचार देणाऱ्या डॉक्टरांना गाठा. संधिवातासाठीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन: दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असावं, पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी पडदा पाहावा. प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन: बंद केलं असलं तरी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सांगा, कारण त्याने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो.

चौथं स्टेरॉइड, आणि यावर थोडं जास्त बोलायला हवं. उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलांसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय थेंब आणले जातात. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तीच बाटली वर्षभर चालते. त्यात स्टेरॉइड असेल तर दाब न दुखता चढतो आणि दहाव्या वर्षी काचबिंदू होतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन वाचलंत तर ती घेऊन दाब मोजायला या.

१८. आजोबांचा वाचायचा चष्मा आपोआप सुटला. नजर सुधारली ना?

नाही. मोतीबिंदू मधल्या गाभ्यात वाढला की डोळा मायनसकडे झुकतो. जवळचं बिनचष्म्याचं दिसू लागतं आणि दूरचं मंदावतं. वाढलेली साखरही असं करते. तपासून घ्या.

१९. निरोगी माणसाने किती वर्षांनी तपासावं?

चाळिशीचा चष्मा लागतो तेव्हा एक पूर्ण तपासणी थेंबांसह. मग दर दोन वर्षांनी, साठीनंतर दर वर्षी. घरात काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट न पाहता सुरुवात करा. मधुमेहींसाठी प्रश्न १४.

२०. कोणत्या तक्रारीत अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही?

अचानक विजा चमकल्यासारखं दिसणं, काळ्या माश्यांचा थवा उडणं, बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं: पडदा फाटत असू शकतो. मधला भाग शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली तर नजर बरीच वाचते, म्हणून इथे तासांचा हिशोब आहे. एका डोळ्याची नजर एकदम जाणं, दोन-दोन दिसू लागणं, लाल डोळ्यासोबत ठणका आणि उलटी, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल दुखरा डोळा, हेही त्याच दिवशी.

डोळ्यात चुना किंवा ॲसिड उडालं तर मात्र दवाखान्याकडे पळण्याआधी पाणी. चुन्याच्या पुडीशी किंवा ट्यूबशी खेळताना मुलांना हे होतं. पापणी उघडी धरून नळाखाली किंवा तांब्याने सलग अर्धा तास धुवा, पापणी उलटून आत अडकलेले चुन्याचे कण ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने काढा, आणि रिक्षात बसल्यावरही बाटलीने पाणी सोडत राहा.